पाटाच्या पाण्याचं समीकरण

"बीजगणित कशाला शिकायचं? बाजारात भाजी घेताना कुठं क्ष आणि य लागतात?" हा प्रश्न तुम्ही कधी ना कधी विचारला असेल. तुम्ही नसेल विचारला, तर तुमच्या आईबाबांनी त्यांच्या शाळेत नक्की विचारला असणार! मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या वर्गात बीजगणिताची नुसती तोंडओळख असते. रेषेचा चढ, रेषेचं समीकरण हे धडे पुढं हायस्कुलात येतात. पण मागच्या हिवाळ्यात आमची सहावी-सातवीची मुलं आणि त्यांची हायस्कुलातली तीन-चार ताई-दादा मंडळी निमगाव केतकीला क्षेत्रभेटीला गेली, तेव्हा हा धडा आम्हाला पुस्तकाबाहेर, एका पानमळ्यात भेटला. त्या भेटीची ही हकिकत.

पानांचं गाव

निमगाव केतकी हे पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यातलं मोठं गाव. बारामतीहून इंदापूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर, इंदापूरच्या थोडं अलीकडं ते लागतं. संत तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेनं पंढरपूरला जाते. बारामती, सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण आणि मग निमगाव केतकीचा मुक्काम. दुसऱ्या दिवशी पालखी इंदापुरात. त्यामुळं आषाढीच्या आधी हे गाव वारकऱ्यांनी फुलून जातं.

केतकी म्हणजे केवडा. पण एसटीतून उतरल्यावर आम्हाला वास आला तो केवड्याचा नव्हे, ओल्या हिरव्या पानांचा. निमगाव केतकी प्रसिद्ध आहे ते विड्याच्या पानांसाठी. पूजेत, लग्नात, सुपारी फोडताना आपण जे नागवेलीचं पान वापरतो, त्याचे मळे इथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. 

तुम्ही पानमळ्यात कधी गेला आहात? बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत गार वाटतं. शेवरी-शेवग्यासारखी झाडं ओळीनं लावलेली असतात आणि त्यांच्या आधारानं नागवेली वर चढतात. वेल फार उंच गेला की पानं खुडायला हात पुरत नाही, मग तो खाली उतरवून त्याचा भाग मातीत पुरतात. याला वेलीची उतरण म्हणतात. उतरणीनंतर वेल पुन्हा नव्या जोमानं वर निघतो.

नागवेल मात्र भारी नाजूक. तिला ऊन जास्त चालत नाही, वारं चालत नाही. पाणी तर मोजून-मापून हवं. कमी पडलं तर पानं कोमेजतात. आणि मुळाशी साचलं तर मुळं कुजून वेलच मरतो.

आबांची अडचण

आम्ही ज्या मळ्यात गेलो, तो एका आजोबांचा होता. सगळे त्यांना आबा म्हणत होते, म्हणून आम्हीही आबाच म्हणू लागलो. आबांनी मुलांना मळा दाखवला, प्रत्येकाच्या हातावर एक-एक कोवळं पान ठेवलं. पण मळ्याच्या एका कडेला गेल्यावर ते थांबले.

"हे बघा बाई," ते म्हणाले, "हा पाट पन्नास मीटर लांब. विहिरीचं पाणी अलीकडून सोडतो. अलीकडच्या वेलांना पाणी मिळतंय, पलीकडच्या शेवटच्या ओळींपर्यंत पोचत नाही. आणि मधी बघा, पाणी तुंबून राहतं. शेवटचे वेल तहानेनं चाललेत आणि मधले पाण्यानं!"

खरंच तसं होतं. पाटाच्या मध्यापुढं चिखल होता, शेवाळ धरलं होतं. तिथले काही वेल पिवळे पडले होते. आणि टोकाच्या ओळींची पानं माना टाकून होती.

"आबा, मग मधला उंचवटा काढून टाका की!" आमची सातवीतली एक चुणचुणीत मुलगी म्हणाली.

"काढला की गं पोरी, दोनदा काढला. एकदा कमी निघाला, पाणी तुंबायचं राहिलं नाही. मग जास्त काढला, तर तिथं खड्डाच झाला. मग माती टाकून बुजवला, तर पुन्हा उंचवटा! डोळ्याला काय कळतंय? चार बोटांचा फरक असतो."

आणि मग आबांनी मुलांकडं बघून विचारलं, "तुमच्या पुस्तकात हाय का काही याच्यावर?"

मुलं माझ्याकडं बघू लागली. मी दहावीतल्या एका दादाकडं बघितलं. तो जरा विचार करून म्हणाला, "बाई, रेषेचा चढ!"

नळी, काठ्या आणि पट्टी

शेजारी एका घराचं बांधकाम चाललं होतं. तिथल्या गवंडीमामांकडून आम्ही लेव्हलची नळी मागून आणली. तुम्ही ती पाहिली असेल. प्लॅस्टिकची पारदर्शक लांब नळी, आत पाणी भरलेलं. तिची दोन्ही टोकं वर धरली की दोन्हीकडचं पाणी नेमकं एका पातळीत येऊन थांबतं, मग मधली नळी कशीही वाकडीतिकडी पडलेली असो. फक्त आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर पातळी चुकते. पाणी नीट दिसावं म्हणून मुलांनी त्यात चिमूटभर हळद टाकली.

मग आम्ही पाटात दर १० मीटरवर एक अशा सहा काठ्या रोवल्या. पहिली पाटाच्या तोंडाशी, सहावी शेवटी. पहिल्या काठीवर जमिनीपासून ४० सेंटीमीटरवर खडूनं खूण केली. नळीचं एक टोक त्या खुणेशी धरलं, दुसरं दुसऱ्या काठीशी. तिथं पाणी जिथं थांबलं तिथं दुसरी खूण. मग दुसरीवरून तिसरीवर, तिसरीवरून चौथीवर. अशा सहाही काठ्यांवरच्या खुणा एकाच पातळीत आल्या. जणू हवेत एक अदृश्य सपाट दोरी बांधली!

आता प्रत्येक काठीवरची खूण जमिनीपासून किती उंच आहे, ते पट्टीनं मोजलं. जमीन जितकी खाली, तितकं हे अंतर जास्त. अर्ध्या-पाव सेंटीमीटरचा फरक सोडून दिला, तर मापं अशी आली:

पाटाच्या तोंडाशी – ४० सेंटीमीटर
१० मीटरवर – ४५ सेंटीमीटर
२० मीटरवर – ५० सेंटीमीटर
३० मीटरवर – ५५ सेंटीमीटर
४० मीटरवर – ५३ सेंटीमीटर
५० मीटरवर – ६५ सेंटीमीटर

जरा थांबा. पुढं वाचण्याआधी हे आकडे पुन्हा बघा. कुठला आकडा रांगेतून फुटलेला दिसतो?

रेष सांगते ते ऐका

दादानं वहीतला आलेखकागद काढला. आडव्या अक्षावर पाटातलं अंतर मीटरमध्ये, त्याला म्हटलं क्ष. उभ्या अक्षावर खुणेपासून जमिनीपर्यंतचं अंतर सेंटीमीटरमध्ये, त्याला म्हटलं य. सहा मापांचे सहा बिंदू मांडले. पाच बिंदू एका सरळ रेषेत शहाण्या मुलांसारखे उभे राहिले आणि ४० मीटरचा बिंदू एकटाच रांग सोडून बाजूला गेला.

आता चढ काढायचा. चढ म्हणजे काय? आडवं ठरावीक अंतर चाललं की उभ्या दिशेत किती फरक पडतो, ते. त्याचं सूत्र अगदी सोपं:

चढ = उभ्यातला फरक ÷ आडव्यातला फरक

पहिला बिंदू (०, ४०) आणि शेवटचा (५०, ६५). उभ्यातला फरक ६५ – ४० = २५. आडव्यातला फरक ५० – ० = ५०. म्हणून चढ = २५ ÷ ५० = ०.५. म्हणजे पाटात दर एक मीटर पुढं गेलं की जमीन अर्धा सेंटीमीटर खाली जाते. मीटर आणि सेंटीमीटर एकाच मापात आणले तर २०० ला १ असा उतार झाला. कुठलेही दोन बिंदू घ्या, म्हणजे (१०, ४५) आणि (३०, ५५) घेतले तरी १० ÷ २० = ०.५ च येतं. रेष सरळ असली की तिचा चढ सगळीकडं सारखा. तीच तर सरळ रेषेची ओळख!

इथं एक गंमत लक्षात ठेवा. आपण खुणेपासून खाली मोजत होतो, म्हणून आकडे वाढत गेले आणि चढ धन आला. जमिनीची उंचीच मोजली असती तर ती कमी-कमी होत गेली असती आणि चढ ऋण आला असता, –०.५. चढण चढताना धन, उतरताना ऋण. सपाट ओट्याचा चढ शून्य. आणि शेवरीचं सरळसोट उभं खोड? तिथं आडव्यातला फरकच शून्य. शून्यानं भागता येत नाही, म्हणून उभ्या रेषेचा चढ सांगताच येत नाही.

आता समीकरण. सुरुवातीला ४० होते, पुढं दर मीटरला ०.५ ची भर. म्हणून

य = ०.५ × क्ष + ४०

झालं! पन्नास मीटरचा अख्खा पाट एवढ्याशा ओळीत मावला. यातला ०.५ हा चढ. आणि ४० म्हणजे रेष उभ्या अक्षाला जिथं छेदते ती जागा, आपली सुरुवात. चढ आणि सुरुवात, या दोन गोष्टी कळल्या की रेष कुठंही लपू शकत नाही.

आता समीकरणाला विचारूया: ४० मीटरवर किती यायला हवं होतं? य = ०.५ × ४० + ४० = २० + ४० = ६०. आणि आपण मोजले ५३. म्हणजे जमीन ६० – ५३ = ७ सेंटीमीटर वर उचललेली होती.

"आबा," ती चुणचुणीत मुलगी ओरडली, "सात सेंटीमीटर! सातच काढायचे!"

आबांनी आपली चार बोटं पट्टीला लावून बघितली. बरोबर सातच्या आसपास. "म्हंजे चार बोटं," ते हसले.

पण दादा अजून वहीतच होता. तो म्हणाला, "पाणी कुठून तुंबतं तेही सांगू? उंचवट्याचा माथा ५३ वर आहे. म्हणजे अलीकडं जिथं जमीन ५३ वर असेल, तिथपासून पाणी साचणार." त्यानं समीकरण उलटं चालवलं. ५३ = ०.५ × क्ष + ४०. दोन्हीकडून ४० वजा केले. १३ = ०.५ × क्ष. म्हणून क्ष = २६.

मुलं पट्टी घेऊन पळाली. पाटाच्या तोंडापासून २६ मीटर मोजले आणि खाली बघितलं. शेवाळाची हिरवी कड तिथूनच, एखाद-दुसऱ्या वितीच्या फरकानं, सुरू होत होती! आम्हा सगळ्यांच्या तोंडून एकदमच "अरे!" निघालं. जी गोष्ट आम्ही मोजलीच नव्हती, ती समीकरणानं आधी सांगितली होती.

आबांनी खोरं आणलं. ३० ते ५० मीटरच्या पट्ट्यात दोरी ताणली आणि दोरीच्या बेतानं, माथ्यावर चार बोटं आणि दोन्ही बाजूंना कमी-कमी करत, माती ओढली. दुपारी वीज आली, मोटार सुरू झाली. पाणी पाटातून निघालं. तीस मीटरच्या काठीपाशी आलं, तेव्हा कुणी बोलेना. चाळीसची काठी ओलांडली आणि मुलांनी टाळ्या पिटल्या. थोड्या वेळानं शेवटच्या ओळीच्या मुळाशी पाणी लागलं. आबा खाली बसले, पाण्यात हात घातला आणि म्हणाले, "बरं झालं पोरांनो. या ओळी उपटून टाकायच्या म्हणत होतो."

पाट ते कालवा

आबांच्या पाटाची गोष्ट हीच मोठी करून बघा. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत जी हिरवीगार शेती दिसते, ती बरीचशी नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर. १८७६-७७ साली दख्खनमध्ये फार मोठा दुष्काळ पडला होता. त्यानंतरच्या दशकात, १८८५ च्या सुमाराला, या कालव्यातून पाणी वाहू लागलं. पुढं भोर तालुक्यात भाटघरला मोठं धरण झालं, ते १९२७ साली पूर्ण झालं. कालवा वीरपासून निघून सुमारे दीडशे किलोमीटर येतो, आणि एवढ्या वाटेत पाणी स्वतःच्या वजनानंच वाहतं. ना मोटार, ना पंप. कालव्याला वाटेत पाणी चढवायचं काम कोण करतं? कुणीच नाही. फक्त उतार!

हा उतार फार विचारानं ठरवावा लागतो. जास्त ठेवला तर पाणी धावतं आणि तळ व कडा खरवडते. कमी ठेवला तर पाणी रेंगाळतं, गाळ बसतो, गवत माजतं. म्हणून कालव्याचा उतार इतका थोडा असतो की उभं राहून बघितलं तर कालवा सपाटच वाटतो. टेकाड आलं की कालवा वळसा घालतो, पण आपला उतार सोडत नाही. आणि वाटेत गाळ साचला, कुठं भराव खचला, की आबांच्या पाटासारखंच होतं. शेवटच्या गावांना पाणी पोचत नाही. "टेलला पाणी आलं का?" हा प्रश्न इंदापूर तालुक्यात तुम्हाला चावडीवरही ऐकू येईल. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याचं वर्षभराचं पीक या एका प्रश्नावर अवलंबून असतं.

आता याच्या उलट टोक बघा. मुंबईहून पुण्याला येताना कर्जत आणि लोणावळ्याच्या मध्ये बोरघाट लागतो. तिथं रेल्वेचा चढ ३७ ला १ इतका आहे. ३७ मीटर पुढं जावं तर १ मीटर वर चढावं लागतं. आपल्याला हे काहीच वाटत नाही, पण रेल्वेला हा चढ एवढा भारी की मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. १८६३ साली हा घाट रेल्वेला खुला झाला. आणि नेरळहून माथेरानला जाणारी झुकझुक गाडी? तिच्या वाटेवर २० ला १ असा चढ आहे. १९०७ पासूनची ही चिमुकली गाडी म्हणून तर एवढी वळणं घेत, हळूहळू डोंगर चढते.

रेष आणि समीकरण यांची गाठ कुणी बांधली?

आपल्याकडं अज्ञात संख्येला फार जुनं नाव आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली. त्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात पहिल्या अज्ञाताला 'यावत्-तावत्' म्हणतात, थोडक्यात 'या'. दुसरा अज्ञात आला की 'कालक', मग 'नीलक', 'पीतक', म्हणजे काळा, निळा, पिवळा! भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला होता. १२०७ सालचा तसा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथं आहे. म्हणजे बीजगणित आपल्या महाराष्ट्राच्या मातीत आठशे वर्षांपूर्वीही शिकवलं जात होतं.

पुढं १६३७ साली फ्रान्समधल्या रने देकार्त यांचं भूमितीवरचं पुस्तक निघालं. आकृती आणि समीकरण या दोन वेगळ्या वाटा त्यांनी एकत्र आणल्या. समीकरण म्हणजे रेषेचंच दुसरं रूप, हा विचार तिथून पसरला. आलेखकागदावर आपण बिंदू मांडतो, ते त्याच वाटेनं.

वारीतली रेष

रेष फक्त जमिनीतच असते असं नाही. ती चालण्यातही असते. समजा, निमगाव केतकीहून पहाटे एक दिंडी निघाली. ती तासाला ४ किलोमीटर चालते. क्ष तासांनी ती य किलोमीटरवर असेल, तर य = ४ × क्ष. दुसऱ्या दिंडीनं रात्री २ किलोमीटर पुढं मुक्काम केला होता. ती त्याच वेळी निघाली, पण तिच्यात म्हातारी माणसं जास्त, म्हणून वेग तासाला ३ किलोमीटर. तिचं समीकरण य = ३ × क्ष + २. आता दोन्ही रेषा एकाच कागदावर काढा. पहिली रेष जास्त उभी, कारण तिचा चढ जास्त. इथं चढ म्हणजे वेग! जिथं दोन रेषा छेदतात, तिथं दोन दिंड्यांची गाठभेट. कधी आणि कुठं, ते तुम्ही शोधा.

आता तुमची पाळी

दोन कोडी देते. घरी आईबाबांना घेऊन बसा. त्यांनाही आपली शाळा आठवेल.

पहिलं कोडं वरचंच. दोन्ही दिंड्या किती वेळानं भेटतील आणि निमगाव केतकीपासून किती अंतरावर?

दुसरं कोडं तुमच्या शाळेतलं. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या मुलांसाठी पायऱ्यांशेजारी उतरता रस्ता करतात. त्याचा चढ १२ ला १ पेक्षा जास्त नसावा असा नियम आहे, नाहीतर खुर्ची चढवताना दमछाक होते आणि उतरताना ती सुटू शकते. शाळेचा ओटा ६० सेंटीमीटर उंच असेल तर हा रस्ता कमीत कमी किती लांब हवा? उत्तर काढल्यावर तुमच्या शाळेतला रस्ता पट्टीनं मोजा. तो जास्त उभा निघाला, तर मापं नीट वहीत मांडून मुख्याध्यापकांना नम्रपणे दाखवा. तुमच्या एखाद्या मित्राचं शाळेत येणं त्या मापावर अवलंबून असू शकतं.

(उत्तरं: १. दोन तासांनी, ८ किलोमीटरवर. २. ७२० सेंटीमीटर, म्हणजे ७ मीटर २० सेंटीमीटर.)